पाण्याचा कॉलम

गेला दीड महिना माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडीच आहे. तिचं नाव 'भारत_३०दिवस_फायनल_४'. यावरून आधीच्या तीन 'फायनल'चं काय झालं ते तुम्हाला कळेल. तीस दिवस, एकटी, तीस हजार रुपये. दिवसाला हजार. शीटमध्ये पाच कॉलम आहेत : प्रवास, मुक्काम, जेवण, पाणी, इतर.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "महिनाभर? एकटीच?" आईने फोन घेतला आणि थेट विचारलं, "रात्री कुठे झोपणार?" शीटमध्ये याचं उत्तर होतं. पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

ऑफिसमधल्या एका मित्राला शीट पाठवली. तो बॅग पाठीला लावून दोनदा हिमाचल, एकदा ईशान्य भारत फिरून आलेला माणूस. त्याने पहिला घाव पाण्यावर घातला. दिवसाला तीन बाटल्या, साठ रुपये, महिन्याचे १८०० रुपये मी धरले होते. तो म्हणाला, "अगं, फिल्टरची बाटली घे आणि स्टेशनच्या नळावर भर. हा कॉलमच उडव." आणि वर एक वाक्य टाकलं : "पूर्वी लोक खिशात काही नसताना अख्खा देश फिरायचे."

हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. मला मात्र प्रश्न पडला, की कोण फिरायचे? आणि त्यांचं बजेट काय होतं? म्हणून मी प्रवासाच्या व्हिडिओंचा नाद सोडून जुने प्रवास वाचायला घेतले. त्यातल्या तीन माणसांच्या प्रवासांनी माझ्या शीटची पार उलथापालथ केली.

पहिला माणूस आपल्या ओळखीचा. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे. १८५७ साली तिशीतले हे भटजी काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. कारण रोमँटिक अजिबात नव्हतं. घर गरीब, डोक्यावर कर्ज, आणि बातमी आलेली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत. म्हणजे दक्षिणा मिळणार. आजच्या भाषेत, कामासाठी परगावी निघालेला फ्रीलान्सर. त्यांचं नशीब असं, की महूच्या आसपास पोचतात तोच बंडाची बातमी. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, अयोध्या, काशी. झाशीला इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा हे आत होते. एकापेक्षा जास्त वेळा लुटले गेले. एवढं सगळं होऊन घरी परतताना त्यांनी आई-वडिलांना स्नान घालायला गंगेचं पाणी आणलं. ही सगळी हकीकत त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहून काढली आणि 'माझा प्रवास' १९०७ साली छापलं गेलं.

आपण हे पुस्तक सत्तावन्नसाठी वाचतो, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र या वेळी हिशेब शोधत वाचत होते. गोडसे भटजींचा प्रवास चालला कशावर? पैशांवर थोडा, व्यवस्थेवर जास्त. वाटेवर धर्मशाळा होत्या, देवळं होती, नदीला घाट होते. संस्थानिकांची आणि सावकारांची अन्नछत्रं होती. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात काशीपासून कितीतरी तीर्थांवर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधून ठेवल्या होत्या. तीर्थाच्या गावी पोचलं, की आपल्या मुलखाचा उपाध्याय शोधायचा. तो वहीत पिढ्यांची नावं दाखवतो आणि राहण्याची सोय करतो. विद्या असलेल्या ब्राह्मणाला तर यातलं बरंच काही फुकट, वर दक्षिणा.

त्या पुस्तकात काल्पीजवळच्या विहिरीचा एक प्रसंग आहे. झाशीतून निसटलेली राणी पठाणी वेशात, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ होऊन त्या विहिरीवर येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. राणी त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावं हे तिला पटत नाही. ती स्वतः मातीच्या मडक्याने पाणी काढते आणि ओंजळीने पिते. शाळेत असताना हा प्रसंग मी राणीचं मोठेपण म्हणून ऐकला होता. या वेळी वाचताना लक्षात आलं, की राज्य हातातून गेलेलं, जीव वाचवून पळणं चाललेलं, आणि तरीही कुणी कुणासाठी पाणी काढायचं हा नियम दोघांनाही तोंडपाठ आहे. आणि अनोळखी मुलखातल्या त्या विहिरीवर दोघांनाही कुणी अडवलेलं नाही.

दुसरा प्रवास जवळपास माझ्यासारखाच : एकट्याचा, आखलेला आणि बजेटमधला. १९०२ च्या फेब्रुवारीत कोलकात्याहून राजकोटला जायला निघालेला बत्तीस वर्षांचा बॅरिस्टर, मोहनदास गांधी. १९०१ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यानंतर ते महिनाभर गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे राहिले होते. निघताना ठरवलं, की तिसऱ्या वर्गाने जायचं आणि त्या प्रवाशांचे हाल स्वतः बघायचे. गोखल्यांनी आधी थट्टा केली, मग कारण ऐकून होकार दिला.

गांधींनी आत्मकथेत सामानाची यादी दिली आहे. ती वाचून मला माझ्या पॅकिंग लिस्टची लाज वाटली. बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी. तिच्यात लोकरीचा लांब कोट, एक धोतर, एक पंचा, एक सदरा. वर एक कांबळं आणि एक तांब्या. गोखल्यांनी धातूचा डबा दिला, लाडू आणि पुऱ्या भरून. म्हणजे अखिल भारतीय नेता झाला, तरी पुण्याच्या माणसाने पाहुण्याला प्रवासाचा डबा दिलाच.

मार्ग असा : काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर आणि राजकोट. वाटेतल्या प्रत्येक गावी एक दिवस. पालनपूर सोडलं तर मुक्काम धर्मशाळेत किंवा पंड्याकडे. मेल गाड्या टाळून शक्यतो साध्या गाड्या, कारण मेलला गर्दी जास्त आणि भाडंही जास्त. काशीच्या पंड्याला आधीच सांगून टाकलं, की सव्वा रुपयापेक्षा जास्त दक्षिणा जमणार नाही. ज्ञानवापीपाशी एक पै ठेवली तर तिथला पंडा भडकला आणि ती त्याने फेकून दिली. गांधी पै उचलून चालू लागले, तेव्हा त्याने परत बोलावून ती घेतली. आणि सगळा खर्च, त्यांच्या आठवणीप्रमाणे, भाड्यासकट ३१ रुपयांच्या आत.

३१ रुपये! मी शीटमध्ये एक नवी ओळ करून हा आकडा टाकला. काशीच्या पंड्याची दक्षिणा एकूण खर्चाच्या चार टक्के. माझा मुक्कामाचा खर्च चाळीस टक्के. मित्राचं म्हणणं खरं निघतंय असं वाटलं.

पण त्याच प्रकरणात एक छोटी गोष्ट आहे. गोखले आणि रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय गांधींना पोचवायला स्टेशनवर गेले. गोखल्यांच्या डोक्याला रेशमी पगडी, त्यांना कुणी हटकलं नाही. राय बंगाली वेशात होते, तर तिकीट तपासनिसाने त्यांना अडवलं. गोखल्यांनी 'हे माझे मित्र' म्हटलं, तेव्हा सोडलं. एकाच प्लॅटफॉर्मचं दार एकाला उघडं आणि एकाला बंद, तेही कपड्यांवरून. हे वाचताना मला कुठेतरी खटकलं. का खटकलं ते तिसरा प्रवास वाचल्यावर कळलं.

तिसरा प्रवास सगळ्यात छोटा. सातारा ते खटाव तालुक्यातलं एक गाव. साल १९०१, म्हणजे गांधींच्या प्रवासाच्या जेमतेम आदलं वर्ष. दुष्काळी कामावर तळं खोदलं जात होतं आणि तिथे सुभेदार रामजी सकपाळ रोखपाल होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि त्यांच्या वारलेल्या बहिणीची मुलं निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. तिकिटाचे पैसे होते, वर खर्चाला पैसे होते, बरोबर खायला होतं. बजेटच्या भाषेत बोलायचं तर हा प्रवास गांधींच्या प्रवासापेक्षा चांगल्या तयारीचा होता.

मुलं मसूर स्टेशनला उतरली. वडिलांना पत्र मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. मग विचारलं, तुम्ही कोण? भीमरावाने विचार न करता सांगितलं, महार. स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण भाडं द्यायला तयार असूनही कुणी गाडी देईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. रात्र झाली. डबा उघडला तर प्यायला पाणी नाही. टोलनाक्यावर मागितलं, मिळालं नाही. जवळ अन्न असून मुलं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये हे अगदी साध्या शब्दांत लिहिलं आहे.

इथे मला थोडं स्वतःबद्दल सांगायला हवं. मी कराडची. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा, पुणे-कराड ये-जा करताना मसूर स्टेशनवरून मी शेकडो वेळा गेले आहे. मसूर म्हणजे 'आता उतरायची तयारी करा' असं सांगणारं स्टेशन. बर्थखालून बॅग ओढायची, आईला फोन करायचा, बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकायचं. आजवर एकदाही त्या प्लॅटफॉर्मकडे मी नीट बघितलेलं नाही.

पुढची गोष्ट १९१७ ची. मागच्या काही वर्षांत गांधींनी तिसऱ्या वर्गाने बराच प्रवास केला होता. त्या वर्षी १२ सप्टेंबरला ते मुंबईहून मद्रासच्या मेलमध्ये बसले. भाडं १३ रुपये ९ आणे. डबा २२ जणांचा, पण त्यात किती माणसं कोंबली होती, किती घाण होती, हे त्यांनी वर्तमानपत्रांना लिहून कळवलं. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त, पण सोयींमधलं अंतर त्याहून कितीतरी मोठं, हा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा लागू पडायला फार वर्षं गेली. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. लाकडी बाकांवर दोन इंच फोम यायला मधू दंडवते रेल्वेमंत्री व्हावे लागले, १९७७ नंतर. मी ज्या स्लीपरच्या बर्थवर महिनाभर झोपायचं म्हणते आहे, तो फोम राजापूरच्या खासदाराने दिलेला आहे.

त्याच १९१७ च्या सप्टेंबर महिन्यात, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला सव्वीस वर्षांचा एक तरुण बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेला. राहायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलात आपल्याला घेणार नाहीत हे माहीत होतं. पारशी खानावळीत पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया देऊन डॉ. आंबेडकर राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडूनही आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. २३ सप्टेंबर हा त्या दिवसाच्या स्मरणार्थ आज पाळला जातो.

दिवसाला दीड रुपया. काशीत गांधींनी देऊ केलेल्या सव्वा रुपयापेक्षा चार आणे जास्तच!

इथे माझ्या शीटमधली चूक मला कळली. मी प्रत्येक ओळीत धरून चालले होते, की रुपया दिला की वस्तू मिळते. प्रोग्रामिंगमध्ये याला गृहीतक म्हणतात आणि बहुतेक बग तिथेच दडलेले असतात. गांधींना ३१ रुपये पुरले. त्यांचा साधेपणा खरा होता यात शंका नाही. पण त्या ३१ रुपयांच्या मागे धर्मशाळेचं उघडं दार होतं, पंड्याचं घर होतं आणि तांब्या भरायला विहीर होती. ज्या माणसाला १८९३ साली पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात असून पीटरमॅरिट्झबर्गला गाडीतून उतरवलं होतं, त्याला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मायदेशात ही दारं त्याला उघडी होती. मसूरच्या मुलांकडे पैसे होते आणि दारं नव्हती. 'पूर्वी लोक खिशात काही नसताना फिरायचे' या वाक्यातले 'लोक' म्हणजे ज्यांना विहिरीवर कुणी विचारत नव्हतं ते लोक.

ती दारं आपोआप उघडली नाहीत. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव संमत झाला, पण कागदावर राहिला. १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी. त्यानंतर तेवीस वर्षांनी लागू झालेल्या राज्यघटनेत कलम १५ चा दुसरा भाग आला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून अडवता येणार नाही. तसंच सरकारी पैशातल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्यापासूनही.

ही यादी मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एकदा पाठ केली होती आणि विसरलेही होते. आता एक्सेलच्या शेजारी ठेवून वाचली तर दिसलं, की ही तर प्रवाशाची यादी आहे. खाणं, मुक्काम, पाणी, आंघोळ, रस्ता. माझे कॉलम. घटना लिहिणाऱ्या माणसाला लहानपणी मसूरला आणि तरुणपणी बडोद्याला जे जे नाकारलं गेलं, त्याची नोंद तिथे आहे.

आणि त्या यादीच्या आधी 'लिंग' हाही शब्द आहे.

दोन वर्षांपूर्वी एका शहरात रात्री साडेदहाला मी एका लॉजच्या काउंटरवर उभी होते. अॅपवर पैसे भरलेले होते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सिंगल लेडीजला देत नाही मॅडम." का, तर नियम. मी वाद घातला नाही, कारण रात्रीच्या साडेदहाला वाद घालणंही महागात पडू शकतं. तिप्पट पैसे देऊन दुसऱ्या हॉटेलात गेले. हे मी मसूरच्या रात्रीशी तोलत नाही. मला दुसरं हॉटेल मिळालं, आणि माझं आडनाव विचारून आजवर कुणी पाणी नाकारलेलं नाही. माझ्या रूममेटला पुण्यात फ्लॅट बघताना 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न तीनदा आला आणि त्यानंतर फोन आले नाहीत. मला तो प्रश्न कुणी विचारला नाही. ही माझी बचत आहे, जी मी कधी शीटमध्ये धरली नव्हती.

पण खर्चही धरला नव्हता. म्हणून आता सहावा कॉलम केला आहे, 'रात्र'. अंधार पडल्यावर पोचणाऱ्या गाड्या टाळल्या, त्यामुळे काही ठिकाणी महागडी गाडी. तीन गावांत डॉर्मिटरीऐवजी स्टेशनजवळचं हॉटेल. सगळी बेरीज ६४०० रुपये. मित्राला दाखवली. तो म्हणाला, "हे माझ्या शीटमध्ये कधीच नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मी तर प्लॅटफॉर्मवरही झोपलोय." आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता शीटमध्ये आहे, आणि सांगण्यासारखं आहे.

मार्गही बदलला आहे. रेल्वेचं चक्राकार तिकीट असतं. जिथून निघालो तिथे परत यायचं, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं, आणि अंतर जसं वाढतं तसं दर किलोमीटरचं भाडं कमी होतं. हे फार कुणाला माहीत नसतं, कारण मोबाइलवरच्या बुकिंगमध्ये ते ठळक दिसत नाही. अर्ज करावा लागतो. माझी आठ ठिकाणं : कोलकाता, वाराणसी, झाशी, आग्रा, जयपूर, पालनपूर, राजकोट, वडोदरा. झाशी भटजींसाठी. पाच गावं आणि निघण्याचं कोलकाता गांधींच्या मार्गावरचं. वडोद्याला कामाठी बाग. मग पुणे.

पुण्याहून कराडचं तिकीट वेगळं काढणार आहे, पण ते मसूरपर्यंतच. तिथे उतरून पुढे एसटीने घरी जाईन. बाबा म्हणाले, "मसूरला काय आहे?" म्हटलं, स्टेशन आहे.

मित्राचं ऐकून फिल्टरची बाटली घेतली आहे. पाण्याचा खर्च आता शून्य. कॉलम मात्र उडवलेला नाही.